उशीर कुणाचा?



परभणीच्या या व्याख्यानमालेच्या आयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी 'उतारवयातलं सहजीवन' असं सांगितलं. त्यांना वाटलं, गुडघे, मधुमेह आणि पुण्याला गेलेली मुलं, असं काहीतरी असेल. मी दोन बायकांच्या सहजीवनाबद्दल बोलणार आहे, असं सांगितल्यावर फोनवर जरा वेळ कुणीच बोललं नाही. मग ते म्हणाले, "बाई, पत्रिकेत तेवढंच छापू. बाकीचं तुम्ही बोला." निमंत्रण त्यांनी मागं घेतलं नाही, याबद्दल मी त्यांची आभारी आहे. तर बाकीचं आता बोलते.

मी चौसष्ट वर्षांची आहे. जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये मुलांना शिकवण्यात माझी नोकरी गेली. माझं लग्न झालं, दोन मुलं झाली, आता नातवंडं आहेत. आणि मी लेस्बियन आहे. समलिंगी म्हणा, मला तेही चालतं. हे माझं मला नीट उमगलं तेव्हा पन्नाशी दोन पावलांवर आली होती, आणि त्यानंतरची वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात आनंदाची आहेत. आपल्या जिल्ह्यातल्या सातोन्याच्या बी. रघुनाथांच्या एका कादंबरीचं नाव आहे 'जगाला कळले पाहिजे'. मला जगाला कळवायची हौस नाही. परभणीला कळलं तरी पुष्कळ.

ज्यांना ज्यांना मी हे सांगितलं, त्यांनी बहुतेक एकच विचारलं. इतकी वर्षं कळलं नाही का, आणि कळलं तर आता या वयात कशाला? प्रश्न वरवर साधा वाटतो. त्याचं उत्तर मात्र माझ्यापाशी कमी आणि या जिल्ह्यापाशी जास्त आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २१ या काळात झाली. वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांना लग्न कितव्या वर्षी झालं ते विचारलं गेलं. महाराष्ट्रात सुमारे २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. परभणी जिल्ह्यात हा आकडा ४८ टक्के होता. हे काही आजीच्या जमान्यातलं नाही, आज ज्या मुली पंचविशी-तिशीत आहेत त्यांचं आहे. माझं लग्न १९७९ सालचं. मुलीच्या लग्नाचं किमान वय त्याच्या आदल्याच वर्षी पंधरावरून अठरा झालं होतं. मी सतरा वर्षांची होते, आणि मांडवात फौजदार जेवायला होते.

आपल्याला कोण आवडतं हे कळायला माणसाला थोडी मोकळी जागा लागते. एकटं हिंडता आलं पाहिजे, काहीबाही वाचता आलं पाहिजे, कुणावर तरी उगाच जीव जडून तो फुकट गेला पाहिजे. माझ्या भावांना हे सगळं एस.टी. स्टँडवर आणि कॉलेजच्या कट्ट्यावर मिळालं. मला दहावीच्या निकालाआधी बघायला पाहुणे आले. गंगाखेड, पालम, सोनपेठ या भागातून ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत तर लग्न हा मजुरीचाच भाग आहे. मुकादम उचल देतो ती 'कोयत्या'ला, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. जोडी नसेल तर उचल अर्धी. त्या पोरीचा जीव कुणाकडे ओढ घेतो, हा प्रश्न तिथं कुणाला पडणार? त्या पोरालाही कुणी विचारलेलं नसतं. ज्या मुलीला स्वतःची ओळख व्हायच्या आधीच दुसऱ्याच्या घरी पोचवलं, तिला पन्नाशीत स्वतःची ओळख झाली तर त्याला उशीर म्हणायचं, पण तो तिच्या खात्यावर मांडायचा नाही.

माझ्या नवऱ्याबद्दलही बोललं पाहिजे, कारण असे विषय निघाले की तो बिचारा कोपऱ्यात राहतो. ते चांगले गृहस्थ होते. लग्नानंतर मला डी.एड. करू दिलं, पगारावर हक्क सांगितला नाही. त्यांना जी बायको मिळाली ती स्वयंपाक करायची, हसायची, आजारपण काढायची, पण तिचं मन कधी त्यांच्याकडे गेलं नाही, आणि हे त्यांनाही जाणवत होतं. ते एकदा म्हणाले होते, "तू घरात असतीस, पण पाहुण्यासारखी." मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. लवकर आणि सक्तीनं लावलेल्या लग्नात दोन माणसांचं आयुष्य खर्ची पडतं, आणि आपण हिशेब एकाचाच करतो.

आता कुणी म्हणेल, ही फॅडं शहरांतली, विलायतेतून आलेली. त्यांच्यासाठी एक मराठी खटला सांगते. रघुनाथ धोंडो कर्वे यांचं 'समाजस्वास्थ्य' मासिक जुलै १९२७ मध्ये सुरू झालं आणि १९५३ साली ते वारले तोवर चाललं. वाचक पत्रानं प्रश्न विचारत आणि कर्वे आडपडदा न ठेवता उत्तरं देत. हस्तमैथुनाबद्दल, समलिंगी संबंधांबद्दल वाचकांनी विचारलं, त्यांनी उत्तरं छापली आणि त्यावरून अश्लीलतेचा खटला उभा राहिला. १९३४ साली मुंबईच्या न्यायालयात कर्व्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक प्रश्नांवर लिहिलं म्हणजे ते आपोआप अश्लील होत नाही, आणि वाचक विचारत असतील तर उत्तर देणं हे संपादकाचं कामच आहे, अशी त्यांची मांडणी होती. समलिंगी ओढीबद्दल त्यांनी लैंगिकतेचा अभ्यासक हॅवलॉक एलिस याच्या संशोधनाचा दाखला दिला. खटला हरले. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. मराठवाड्यातल्याच अजित दळवींनी यावर 'समाजस्वास्थ्य' हे नाटक लिहिलं आणि अतुल पेठेंनी ते २०१७ मध्ये रंगभूमीवर आणलं.

माझी एक तक्रार आहे. आपल्या जिल्ह्यात बाबासाहेबांची जयंती गल्लोगल्ली होते, व्याख्यानं होतात, आणि त्यांत हा खटला मी फारच क्वचित ऐकला. ते सुप्रसिद्ध बॅरिस्टर होते, पुढे भारताचं संविधान घडवणार होते, आणि त्यांना या अवघड विषयासाठी कोर्टात उभं राहण्यात कमीपणा वाटला नाही. पुढच्या १४ एप्रिलला कुणीतरी हे सांगावं.

कायद्याची दुसरी गंमत अशी की बायकांच्या बाबतीत तो बहुतेक वेळ गप्पच बसला. १८६० च्या दंड संहितेतलं, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ पुरुषांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेलं होतं. खुद्द ब्रिटनमध्ये १९२१ साली स्त्रियांमधले संबंध गुन्हा ठरवायचा प्रयत्न झाला, पण लॉर्ड्सच्या सभागृहानं तो फेटाळला. उदारपणा म्हणून नव्हे. या गोष्टीचा नुसता उल्लेख केला तरी भल्या घरच्या बायकांना कल्पना सुचेल, अशी त्या लॉर्डांना धास्ती होती. मला ही धास्ती फार आवडते. इतका आत्मविश्वास आमच्याबद्दल आम्हालाही नव्हता.

कायदा गप्प होता, तसं मराठी साहित्यही बराच काळ गप्प होतं. बोललं तेव्हा विजय तेंडुलकरांच्या तोंडून बोललं. 'मित्राची गोष्ट' १९८१ साली रंगभूमीवर आलं, त्यात बाईवर जीव जडलेल्या आणि शेवटी आत्महत्या करणाऱ्या सुमित्राची भूमिका रोहिणी हट्टंगडींनी केली. पुढच्याच वर्षी जब्बार पटेलांचा 'उंबरठा' आला. शांता निसळ यांच्या 'बेघर' कादंबरीवरचा, पटकथा पुन्हा तेंडुलकरांची. महिला सुधारगृहातल्या दोन बायका एकमेकींत गुंतल्याचं त्यात दाखवलं आहे, आणि ते सापडतं तेव्हा सुधारगृहात हलकल्लोळ होतो. स्मिता पाटीलची अधीक्षिका त्यांच्याकडे रुग्ण म्हणून बघते. तिच्या दयेत तिरस्कार नाही, एवढाच काय तो दिलासा. हा सिनेमा मी नवऱ्याबरोबर थिएटरात पाहिला. तो प्रसंग आला तेव्हा मी खाली बघत होते. का, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं.

तेंडुलकरांची मी जुनी वाचक आहे आणि त्या काळी हे लिहायला छाती लागत होती, हे मान्य करते. पण परिणाम काय झाला तेही बघा. माझ्या वयाच्या मराठी बाईनं पडद्यावर किंवा रंगमंचावर आपल्यासारखी बाई पाहिली ती एक तर आत्महत्या केलेली, नाही तर सुधारगृहात पकडलेली. घरात सुखानं भाजी निवडत बसलेली एकही नाही. मग 'फायर' आला. त्यातली शबाना आझमीची राधा वयानं पोक्त सून आहे, नवरा ब्रह्मचर्याच्या नादी लागलेला, आणि शेवटी दोघी जावा जिवंत घराबाहेर पडतात. डिसेंबर १९९८ मध्ये शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी मुंबईत थिएटरांची मोडतोड केली. त्यावर दिल्लीत झालेल्या निदर्शनांत काही बायका आपण भारतीय आणि लेस्बियन असल्याचे फलक धरून रस्त्यावर उभ्या राहिल्या. मुंबईत तर १९९५ पासून 'स्त्री संगम' नावाचा गट होता. पुढे तो 'लेबिया' या नावानं काम करू लागला. हे सगळं आमच्यापर्यंत पोचायला पुष्कळ वर्षं लागली.

मला सगळ्यात जवळचा वाटलेला सिनेमा अगदी अलीकडचा आणि अगदी छोटा आहे. रोहन परशुराम कानवडे यांचा 'उ उषाचा', २०१९ चा. शेतमजुरी करणारी, एकटीनं लेकरं सांभाळणारी, निरक्षर उषा. गावातल्या प्राथमिक शाळेतल्या बाईंकडे तिचं मन ओढलं जातं आणि त्या ओढीपायी ती लिहा-वाचायला शिकायला लागते. याच कानवडेंच्या 'साबर बोंडं' या मराठी चित्रपटाला २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात मोठं पारितोषिक मिळालं, ते आपण पेपरात वाचलं. पण मला उषा जास्त लागली. मी शाळेतली बाई होते. माझ्या वर्गाच्या दाराशी अशा किती उषा लेकराचा डबा घेऊन उभ्या राहून गेल्या असतील, मी कधी मान वर करून पाहिलं नाही.

गंगाखेडच्या जनाबाईचं नाव इथं कुणीतरी घेईल, म्हणून मीच घेते. लग्न नाही, मूल नाही, नामदेवाच्या घरची दासी. परंपरेनं सांगितलेल्या कथांत विठ्ठल तिच्याबरोबर दळतो, शेण्या वेचतो, तिची वेणी घालतो, आणि ती त्याला विठाबाई करून टाकते. आजकालचे काही अभ्यासक लगेच तिला आपल्या रांगेत बसवू पाहतात. मला ते रुचत नाही. सातशे वर्षांपूर्वीच्या संताच्या कपाळावर आपली चिठ्ठी चिकटवू नये. मला तिच्याकडून एवढंच हवं आहे की आपल्या गोदाकाठी जन्मलेली एक बाई संसार न करता, लाज न बाळगता जगली आणि आपण तिला पालखीत बसवलं.

आता आमचं. ती नर्स होती. लसीकरणाला शाळेत यायची. पोरं तिला बघून बाकाखाली लपायची, मी मात्र वाट बघायची. तिला नवऱ्यानं विशीतच टाकलं होतं. तिनं नोकरी धरली, आई-बापाला शेवटपर्यंत सांभाळलं. माझे यजमान २००७ मध्ये गेले. बाई एकटी पडली की रात्री कुणीतरी सोबतीला झोपायला यावं, ही आपल्याकडची जुनी रीत. ती सोबतीला येऊ लागली. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. मलाही वाटलं नाही. पुढे तिची बदली झाली आणि ती गेली, तेव्हा मला जेवण जाईना. यजमान गेले तेव्हा मी रडले होते, पण जेवत होते. हा फरक माझ्या ध्यानात आला आणि मग बाकीचं एकेक करून ध्यानात येत गेलं. पार शाळेतल्या एका मैत्रिणीपासूनचं.

२ जुलै २००९ ला समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असा दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल आला. दुसऱ्या दिवशी शिक्षक-खोलीत पेपर फिरत होता. एका गुरुजींनी घाणेरडा विनोद केला, सगळे हसले. मी पेपर मागून घेतला आणि बातमी शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. आपल्यासारख्यांसाठी देशात कोर्टकचेऱ्या चालू आहेत हे मला तेव्हा कळलं. ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला. ६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायमूर्तींनी ३७७ मधून प्रौढांचे परस्परसंमतीचे संबंध बाहेर काढले. तोवर ती परत येऊन माझ्याबरोबर राहू लागली होती. त्या संध्याकाळी तिनं पेढे आणून गल्लीत वाटले. शेजारीण म्हणाली, "नातू झाला का माय?" ती म्हणाली, "नाही, निकाल लागला." "कुणाचा?" "आमचा दोघींचा." शेजारणीला वाटलं, कसलातरी बाहेरून दिलेला पेपर असेल. तिनं पेढा खाल्ला आणि अभिनंदन केलं.

आनंद कसला, असं विचाराल तर तो फार मोठा नाही. सकाळी चहा कुणी करायचा यावरून भांडण असतं. ती प्रत्येक भाजीत दाण्याचं कूट घालते आणि मला त्याचा वैताग येतो. जानेवारीत हुरडा खायला तिच्या भावाच्या शेतावर जातो. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एस.टी.चं तिकीट अर्धं झालं, तेव्हापासून तर आमचा पाय घरात ठरत नाही. औंढा, माहूर, वेरूळ झालं, रत्नागिरीला जाऊन समुद्रही पाहिला. सरकारनं हे आमच्यासारख्यांसाठी केलं नव्हतं, पण आम्ही त्याचा पुरेपूर फायदा घेतला. मी केस कापले. तिनं पहिल्यांदा पँट-शर्ट शिवला. आणि शरीराचं म्हणाल, तर पाळी गेली की बाईचं सगळं गेलं असं आपण धरून चालतो. तसं नाही. यापेक्षा जास्त या व्यासपीठावरून बोलणार नाही. ती आज आलेली नाही, तिला व्याख्यानांचा कंटाळा आहे, पण मी काय बोलले ते ती घरी विचारणार.

'बनी तो बनी, नहीं तो परभणी' असं आपल्याला सगळा मराठवाडा चिडवतो. मी ही म्हण आता मानानं सांगते. पहिलं बनलं नाही, आणि परभणी होती.

आमचं वयही आमच्या मदतीला आलं. अशा वीस-बावीसच्या दोन मुली घर सोडून गेल्या तर लगेच बेपत्ता असल्याची तक्रार होते, पोलीस धाडले जातात, पोरींना मारझोड होते. तमिळनाडूतल्या मदुराईच्या अशाच दोन मुली मद्रास उच्च न्यायालयात गेल्या होत्या. न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी आपल्याला या विषयातलं काही कळत नाही हे मोकळेपणानं मान्य केलं, स्वतः समुपदेशकाकडे जाऊन समजून घेतलं आणि मग ७ जून २०२१ ला पोलिसांच्या छळाला आणि 'उपचारा'च्या नावाखाली चालणाऱ्या प्रकारांना मनाई करणारा आदेश दिला. पुढच्या वर्षी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानंही असे उपचार म्हणजे डॉक्टरांची गैरवर्तणूक ठरवली. आम्हा साठीच्या बायकांवर मात्र कुणी तक्रार करत नाही. दोन म्हाताऱ्या एकत्र राहतात, बरंच आहे, एकमेकींना सोबत झाली, असं लोक म्हणतात. कुणाच्या नजरेत न भरणं ही सावली आहे, आणि ती सावली आम्ही खुशाल वापरली. पण एक जण आजारी पडली की तीच सावली नडते, कारण मग दवाखान्यात विचारतात, "तुम्ही पेशंटच्या कोण?"

माझी गोष्ट गुळगुळीत वाटत असेल तर त्याचं कारण सांगते. मला पेन्शन आहे, घर माझ्या नावावर आहे. खुरपणीला जाणाऱ्या बाईला यातलं काहीच नाही. माया शर्मा यांनी २००६ मध्ये उत्तर भारतातल्या कष्टकरी घरांतल्या अशा दहा जणींच्या कहाण्यांचं पुस्तक इंग्रजीत काढलं. माया शर्मा स्वतः संसार आणि मुलगा झाल्यावर या वाटेला आलेल्या, स्त्री-चळवळीत मुरलेल्या. त्या कहाण्या वाचताना ध्यानात येतं की प्रेम गरिबाघरीही तितकंच असतं, दाराला कडी मात्र नसते. १९८४ साली शेतकरी संघटनेचं अधिवेशन याच परभणीत झालं होतं. त्याच संघटनेनं पुढे 'लक्ष्मी मुक्ती' काढून नवऱ्यांना जमीन बायकोच्या नावावर करायला लावली. तेव्हा कुणाच्या मनात माझा विषय नव्हता. पण ज्या बाईच्या नावावर सातबारा आहे, तिलाच आपल्या घरात कोण राहील हे ठरवता येतं. सरकारी योजनांचे अर्ज बघा. विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता, निराधार, आणि घरातली एखादी अविवाहित. हे सगळे रकाने पुरुष आहे, होता, गेला किंवा आला नाही यावरून पाडलेले आहेत. आम्ही दोघी त्यात विधवा आणि परित्यक्ता अशा बसतो. आनंदाचा रकाना कुठं नाही.

१७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला आणि हा प्रश्न संसदेवर सोडला. फेरविचाराच्या याचिकाही जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या. मला या वयात पुन्हा मांडवात बसायचं नाही, एक अनुभव पुरेसा आहे. पण लग्न नसलं की काय होतं ते अमेरिकेतल्या एडिथ विंडसरच्या खटल्यात दिसतं. तिची आणि थिया स्पायरची सोबत चाळीस वर्षांहून जास्त. २००७ मध्ये दोघींनी टोरंटोला जाऊन लग्न केलं, २००९ मध्ये थिया गेली. सरकारनं ते लग्न धरलं नाही आणि वारसा कर म्हणून एडिथकडून ३,६३,०५३ डॉलर घेतले. नवरा मेला असता तर एक डॉलरही पडला नसता. ती कोर्टात गेली आणि जून २०१३ मध्ये जिंकली, चौऱ्याऐंशी वर्षांची असताना.

आपल्याकडे कर नाही, पण हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम १५ आहे. ते सभागृहातल्या प्रत्येक बाईनं ऐकावं. बाई मृत्युपत्र न करता वारली तर तिची मालमत्ता आधी मुलं आणि नवरा यांना जाते. ते नसतील तर नवऱ्याच्या वारसांना. तिच्या आईबापांचा नंबर त्यानंतर. माझ्या मैत्रिणीनं नोकरीच्या पैशांतून एक प्लॉट घेतला. तिला मूलबाळ नाही. नवऱ्यानं तिला टाकलं पण कायद्यानं घटस्फोट कधी झाला नाही. ती मृत्युपत्र न करता गेली असती तर तिच्या कष्टाचा तो प्लॉट त्या माणसाकडे गेला असता, ज्यानं तिला चाळीस वर्षांत एक पत्र पाठवलं नाही.

माझ्या धाकट्या मुलाला आमचं कळलं तेव्हा तो बराच काळ बोलला नाही. बोलायला लागला तेही फक्त लाइट बिलाबद्दल. पण सुनेनं एक दिवस विचारलं, "आई, मावशींचं नाव आपल्या रेशन कार्डावर घालायचं का?" मला वाटलं ती गंमत करतेय. तिनं मोबाइलवर बातमी दाखवली. एकत्र राहणाऱ्या समलिंगी जोडीदारांना रेशन कार्डासाठी एकाच घरातलं मानावं असं राज्यांना कळवल्याचं केंद्र सरकारनं सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलं होतं. त्याच्या आदल्या महिन्यात, जोडीदाराबरोबर संयुक्त खातं उघडायला आणि तिला नॉमिनी करायला कुठलीही आडकाठी नाही, असं अर्थ मंत्रालयानंही स्पष्ट केलं होतं. बँकेतल्या कारकुनाला हे माहीत नसतं, म्हणून परिपत्रकाची प्रत हातात घेऊन जावं. मात्र नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. नॉमिनीनं पैसा काढायचा आणि वारसांच्या हाती द्यायचा, अशीच न्यायालयांची भूमिका आहे. म्हणून मृत्युपत्राला पर्याय नाही.

आम्ही दोघींनी ते केलं. मराठीत, साध्या कागदावर. त्याला स्टँप पेपर लागत नाही, नोंदणी केली तर उत्तम पण सक्ती नाही, दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र लागतात. माझ्या मागं तिला हयातभर या घरात राहता येईल, नंतर घर मुलांचं, असं मी लिहिलं आहे. मोठ्या मुलानं ते वाचलं आणि शुद्धलेखनाच्या दोन चुका काढल्या. शिक्षिकेचा मुलगा.

या सभागृहात ज्यांना हे लागू पडतं त्या कोण आहेत, मला माहीत नाही. हात वर करा असंही मी म्हणणार नाही. घरी जा आणि मृत्युपत्र लिहा. दुसरा साक्षीदार मिळत नसेल तर मला फोन करा, जिंतूरपासून सोनपेठपर्यंत कुठंही सही करायला मी येईन. तिकीट अर्धंच लागतं.